चुकल्यावर पुढे न सरकणारे यंत्र

बहुपर्यायी प्रश्न म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वैद्यकीय प्रवेशपरीक्षा येते. चार पर्याय, चुकीच्या उत्तराला वजा गुण आणि समोर घड्याळ. 'नशिबाचा खेळ', 'घोकंपट्टीचा कारखाना' अशी नावे आपण शिक्षकांनीच या प्रश्नांना ठेवली आहेत. गंमत अशी की हा प्रश्नप्रकार रुजला तो शिक्षकांच्या तपासणीवरील अविश्वासातून.

१९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका अनेक शाळांकडे तपासायला पाठवली. १४२ शिक्षकांनी तिला दिलेले गुण होते ६४ पासून ९८ पर्यंत. दुसऱ्या एका उत्तरपत्रिकेला ५० पासून ९७ पर्यंत! भाषेत असे व्हायचेच, असे म्हणणाऱ्यांसाठी त्यांनी पुढच्या वर्षी भूमितीचा पेपर निवडला. तफावत कमी होण्याऐवजी वाढली. तपासणाऱ्याच्या मर्जीला वावच राहू नये, म्हणून कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली यांनी १९१५ च्या सुमारास वाचनाची अशी चाचणी तयार केली की तिच्यात उत्तरावर फक्त खूण करायची. पाठोपाठ महायुद्ध आले आणि अमेरिकी सैन्याने सुमारे १७ लाख जवानांना अशा चाचण्यांतून काढले.

वैद्यकशास्त्र मात्र बराच काळ अलिप्त राहिले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षा मंडळाची पहिली परीक्षा १९१६ साली झाली. ती जवळजवळ आठवडाभर चालली. तीत निबंधवजा उत्तरे होती, प्रयोगशाळेतील काम होते, तोंडी परीक्षा होती आणि रुग्णाच्या खाटेशेजारची तपासणीही होती. विद्यार्थी वाढले तसे हे झेपेना. १९५० नंतरच्या काही वर्षांत जॉन हबर्ड यांच्या पुढाकाराने लेखी परीक्षा बहुपर्यायी झाली. मग साठच्या दशकात खाटेशेजारची परीक्षाही बंद झाली, कारण एकाच उमेदवाराला दोन परीक्षकांनी दिलेल्या गुणांचा मेळच बसत नव्हता. निदान बरोबर होते, उपचार मात्र मला जरा जास्तच जालीम वाटतो. रुग्णाशी बोलण्याची परीक्षा तिथे पुन्हा सुरू व्हायला २००४ साल उजाडले आणि २०२१ मध्ये ती परत बंद झाली.

पण मला सांगायची आहे ती या इतिहासातली एक बाजूला पडलेली गोष्ट. ओहायो स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी १९२४ च्या सुमारास टंकलेखन यंत्राएवढे एक यंत्र बनवले. खिडकीत एक प्रश्न आणि त्याचे चार पर्याय दिसत. समोर चार कळा. कळ दाबली की पुढचा प्रश्न येई आणि मागच्या बाजूचा गणक बरोबर उत्तरे मोजून ठेवी. इथवर ती परीक्षाच. परंतु यंत्रात एक छोटा खटका होता. तो वर केला की बरोबर कळ दाबेपर्यंत प्रश्न हलतच नसे. चुकलात? विचार करा, दुसरी कळ दाबा. गणक आता एकूण प्रयत्न मोजत असे. ठरावीक उत्तरे बरोबर आली की गोळी बाहेर टाकणारी सोयही प्रेसींनी करून पाहिली होती! एका खटक्याने परीक्षेचे शिकवणीत रूपांतर होत होते. यंत्राला गिऱ्हाईक मिळाले नाही, मंदी आली आणि १९३२ मध्ये प्रेसींनी हे काम सोडत असल्याचे जाहीर केले.

त्याच दशकात मिशिगनमधील एक शाळाशिक्षक रेनॉल्ड जॉन्सन यांनी पेन्सिलीच्या खुणेतून वीज वाहते याचा उपयोग करून उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र घडवले. आयबीएमने ते १९३८ मध्ये बाजारात आणले. (हेच जॉन्सन पुढे संगणकाच्या पहिल्या हार्ड डिस्कचे जनक ठरले.) मोजणारे यंत्र जगभर गेले, शिकवणारे अडगळीत पडले.

याची किंमत मला स्वतःला कळली ती एका वैद्यकीय महाविद्यालयासाठी शरीरक्रियाशास्त्राचे प्रश्न काढताना. मी विचारले होते : कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झालेल्या माणसाच्या धमनीतील रक्तात ऑक्सिजनचा आंशिक दाब कसा असेल? बहुतेकांनी 'फार कमी' वर खूण केली. बरोबर उत्तर आहे 'जवळजवळ नेहमीएवढा'. हा दाब रक्तात विरघळलेल्या ऑक्सिजनवर ठरतो, आणि फुप्फुसे तर ठीकच असतात. अडवली जाते ती हिमोग्लोबिनवरची जागा. गुणांची यादी फलकावर लागली, प्रश्नपत्रिका कपाटात गेली. आपले काय चुकले हे कोणालाच कळले नाही. आता बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेला रुग्ण यांच्यापुढे आला आणि तपासणीत ऑक्सिजनचा दाब व्यवस्थित निघाला, तर यांच्यातला एखादा त्याला 'काही नाही' म्हणून घरी पाठवील की काय, ही धास्ती मला नंतर लागली.

ही धास्ती निराधार नव्हती. रोडिगर आणि मार्श यांनी २००५ साली दाखवले, की बहुपर्यायी चाचणी दिल्याने नंतरची आठवण सुधारते. पण वाचलेले चुकीचे पर्यायही डोक्यात घर करतात, आणि पर्याय जितके जास्त तितके हे अधिक होते. बटलर आणि रोडिगर यांच्या २००८ च्या प्रयोगात, चाचणीनंतर बरोबर उत्तर सांगितले तेव्हा हा दोष पुष्कळ कमी झाला. म्हणजे प्रेसींचा खटकाच! २००९ मध्ये निवासी डॉक्टरांवर झालेल्या एका प्रयोगात नुसती उजळणी करणाऱ्यांपेक्षा वारंवार चाचणी देऊन उत्तरे पडताळणाऱ्यांना सहा महिन्यांनंतरही अधिक आठवत होते. मात्र तिथले प्रश्न लघुत्तरी होते, हे नमूद करायला हवे.

आता मी तोच प्रश्न वर्गात घेतो, गुणांशिवाय. प्रत्येकाने आधी खूण करायची, मग शेजाऱ्याला कारण सांगायचे, मग मी उत्तर उघड करतो. गेल्या खेपेला उत्तर कळल्यावर मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, मग बोटाला लावायचा ऑक्सिमीटर काय दाखवेल?" हे माझ्या प्रश्नपत्रिकेत नव्हते. तोही फसतो. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरलेल्यासारखेच दिसते.