सातारारोडचं इंजिन

डिझेल इंजिन म्हटलं की मराठी माणसाच्या तोंडी पहिलं नाव येतं ते किर्लोस्करांचं. माझे आजोबा असले की मात्र हे नाव पुरं उच्चारूही देत नसत. "किर्लोस्करांचं इंजिन नंतरचं रे. त्याच्या आधी आमचं, कूपरचं." ते कोरेगाव तालुक्यातल्या पाडळीच्या कारखान्यात ओतारी होते. स्टेशनच्या पाटीवर सातारारोड लिहिलेलं, म्हणून कारखानाही 'सातारारोडचा'.

आजोबांचा अभिमान बाजूला ठेवला, तरी त्यांचं म्हणणं खरंच आहे. धनजीशा कूपर या साताऱ्याच्या पारशी गृहस्थांनी १९२२ मध्ये हा उद्योग उभारला. सुरुवात लोखंडी नांगरांपासून. पुणे-कोल्हापूर रेल्वेच्या याच मार्गावर खाली कुंडलजवळ लक्ष्मणराव किर्लोस्करांची वाडी १९१० पासून नांगरच करत होती, म्हणजे स्पर्धा दारातच. दोघांनी रूळ धरूनच बस्तान बसवलं, कारण भट्टीचा कोक आणि कच्चं बीड गाडीनं यायचं आणि तयार माल गाडीनंच जायचा.

१९३२-३३ च्या सुमारास सातारारोडला डिझेल इंजिन तयार झालं. भारतात बनलेलं पहिलं डिझेल इंजिन म्हणून त्याचं नाव घेतात. नांगर ओतणाऱ्या हातांनी ते कसं केलं असेल, हा माझा नेहमीचा प्रश्न. आजोबा म्हणत, "नांगराच्या बिडात बारीक भोक राहिलं तर माती काय तक्रार करते व्हय? सिलिंडरात राहिलं की संपलं." डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती प्रचंड तापते; त्यात तेलाचा फवारा गेला की तो आपोआप पेटतो. दाब जराही निसटला तर इंजिन उचलत नाही. तेलाचा पंप आणि नोझल यांना तर केसाइतकी फट चालत नाही. त्याआधी इकडच्या विहिरींवर तुरळक दिसणाऱ्या विलायती इंजिनांपैकी बऱ्याचशांचं डोकं आधी दिव्यानं तापवावं लागे. आजी सांगायची, तोवर मोटेचे बैल दोन वाफे भिजवून मोकळे व्हायचे.

आजीचं माहेर काँग्रेसवाल्यांचं, त्यामुळं कूपर हा आमच्या घरात भांडणाचाही विषय. १९३७ च्या निवडणुकीनंतर काँग्रेसनं गव्हर्नरच्या खास अधिकारांवरून मंत्रिमंडळ बनवायला नकार दिला, तेव्हा एप्रिलमध्ये कूपर मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झाले. त्या वेळी मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत. जुलैत बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं आणि कूपर पायउतार झाले. "बहुमत नसताना खुर्चीवर बसले," असं आजी म्हणायची. "आमचा शेट पंतप्रधान झाला होता," हे आजोबांचं उत्तर. मला विचाराल तर राजकारणात आजीचं खरं. पण साडेतीन महिन्यांच्या त्या मंत्रिमंडळापेक्षा बिडाचं इंजिन या माणसाच्या नावावर कितीतरी जड भरतं.

१९४० मध्ये कारखाना वालचंद हिराचंद यांच्या समूहाकडं गेला, नाव मात्र कूपरचंच राहिलं. किर्लोस्करांनी पुण्याला खडकीत ऑइल इंजिनांचा स्वतंत्र कारखाना काढला तो १९४६ मध्ये. पुढं त्यांचा पसारा इतका वाढला की इंजिन आणि किर्लोस्कर हे समीकरणच झालं. ते त्यांनी कमावलेलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त आधी कोण, हे विसरायला नको.

तुमच्या मळ्यातल्या इंजिनघरात गंजलेलं जुनं धूड पडलं असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याच्यावरची पितळी पाटी एकदा चिंचेनं घासून बघा. कूपर, सातारारोड अशी अक्षरं निघाली, तर ते विकू नका. जिल्ह्यातल्या एखाद्या संग्रहालयाला कळवा.