नवापूरचा बाक आणि चालत्या यंत्रातील बदल

१/ नवापूर रेल्वे स्थानकाच्या फलाटावरून राज्यांची सीमा जाते. एका अंगास नंदुरबार जिल्हा, दुसऱ्या अंगास गुजरातचा तापी जिल्हा. एक बाक तर अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत आहे. विषय मात्र संगणकाच्या इतिहासाचा, बाक दृष्टान्तापुरता.

२/ १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची दोन राज्ये झाली, तेव्हा १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा दोघांच्याही वाट्यास आला. पुढे महाराष्ट्राने परवान्यांची वाट मोकळी केली, गुजरातने बंदी राखली. "येथे मद्य चालेल काय?" या प्रश्नाचे उत्तर आपण बाकाच्या कोणत्या टोकास बसलो आहोत, यावर ठरते.

३/ प्रोग्रॅमिंगमध्ये यास 'ओव्हरराइडिंग' म्हणतात. मूळ क्लासच्या मेथडचे नाव तेच ठेवून वारसदार क्लास तिचे वर्तन बदलतो. नॉर्वेत जन्मलेल्या 'सिम्युला ६७' भाषेत कोणती मेथड चालवायची, हा निर्णय प्रोग्रॅम चालू असताना, समोरचा ऑब्जेक्ट पाहून होई. ती मेथड मात्र आधीच लिहून ठेवावी लागे.

४/ झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातील 'स्मॉलटॉक'ने तेही बंधन काढले. डिसेंबर १९७९मध्ये स्टीव्ह जॉब्स तेथे प्रात्यक्षिक पाहावयास आले. पडद्यावरचा मजकूर ओळीओळीने उड्या घेत सरकतो, हे त्यांना रुचले नाही. डॅन इंगॉल्स यांनी यंत्र बंद न करता तेथल्या तेथे कोड बदलला आणि मजकूर सलग सरकू लागला. या भेटीच्या कथेत माउस आणि खिडक्यांचेच कौतुक होते. माझ्या मते खरा चमत्कार हा होता.

५/ ही मुभा महागही पडते. जावास्क्रिप्टमध्ये भाषेच्या मूळ 'अ‍ॅरे'तच मेथड घालता वा बदलता येते. म्हणजे एका राज्याने आपल्यापुरता फेरफार न करता मूळ मुंबई कायद्यातच खाडाखोड करावी, तसे! 'मूटूल्स' या लायब्ररीने अशीच 'फ्लॅटन' नावाची मेथड घातली आणि अनेक संकेतस्थळे तिच्यावर विसंबली.

६/ पुढे भाषेच्या मानक समितीस त्याच नावाची अधिकृत मेथड आणावयाची होती. २०१८मध्ये फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ती येताच एक जुने संकेतस्थळ मोडले. कुणी थट्टेने 'स्मूश' हे नाव सुचवले, त्यावरून रण माजले. अखेर २०१९च्या मानकात नाव आले ते 'फ्लॅट'. तोवर मूटूल्सचा बहर केव्हाच ओसरला होता.