वसंतात पाहावे, मृगात लावावे

शिवरात्र होऊन थंडी ओसरली, की वर्धा जिल्ह्यातील शेतांच्या धुऱ्यांवर पळस फुलू लागतो. सेलूहून बोरकडे जाणारा रस्ता असो वा कारंजा-आष्टीकडील माळरान, महिनाभरापूर्वी कोणाच्या दृष्टीसही न पडणारी वेडीवाकडी झाडे केशरी फुलांनी झाकून जातात. त्याच सुमारास शहरातील रोपवाटिकांतही गर्दी वाढते. बहरलेले रोप पाहून ते घरी आणण्याचा मोह आवरत नाही. अंगणात खड्डा खणून ते लावले जाते, दोन-तीन आठवडे टवटवीत राहते आणि वैशाखात त्याची काडी होते. 'आमच्या मातीत काही येतच नाही', असा निष्कर्ष मग काढला जातो. वास्तविक, दोष बहुधा मातीचा नसतो, मुहूर्ताचा असतो. वर्धेच्या हवामानात वसंत हा फुले पाहण्याचा, बी निवडण्याचा आणि जमीन तयार करण्याचा काळ आहे. लागवडीचा खरा काळ सुरू होतो तो मृगापासून.

पंचांगातला वसंत, झाडांचा वसंत

पंचांगाप्रमाणे चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने. वर्धेत मात्र चैत्र सरता सरता कडक उन्हाळा दाराशी येतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि २५ मेच्या सुमारास सुरू होणारा नवतपा तर जुन्या जाणत्यांनाही घरात बसवतो. येथील झाडांनी म्हणूनच आपला वसंत थोडा अलीकडे ओढून घेतला आहे. माघाच्या अखेरीपासून गुढीपाडव्यापर्यंतचा काळ हा त्यांचा मुख्य बहर.

या बहरामागे पाण्याचा काटेकोर हिशेब आहे. जमिनीतील ओल कमी होऊ लागताच पळस, पांगारा, सावर ही झाडे पाने गाळून टाकतात. पानांवाटे होणारा पाण्याचा खर्च त्यामुळे थांबतो. निष्पर्ण फांद्यांवर उमललेली मोठी, भडक फुले पक्ष्यांना दुरूनही दिसतात. मधासाठी आलेल्या मैना, बुलबुल, सूर्यपक्षी यांच्याकडून परागीभवन होते. पुढे उन्हाळ्यात शेंगा वाळतात, बी जमिनीवर पडते आणि ते रुजण्याच्या वेळी पाऊस येतो. म्हणजे झाडेसुद्धा वसंतात फुलतात आणि पावसात रुजतात. बागकाम करणाऱ्याने हेच वेळापत्रक पाळावे.

बागकामाच्या अनेक इंग्रजी पुस्तकांत मात्र मार्च-एप्रिल हे लागवडीचे महिने म्हणून सांगितलेले आढळतात. थंड प्रदेशात ते योग्यच आहे. तेथे हिवाळ्यात गोठलेली जमीन वसंतात ऊबदार होते आणि पुढे चार-पाच महिने सौम्य ऊन मिळते. आपल्याकडे वसंतानंतर येतो तो ग्रीष्माचा वणवा. तिकडचे वेळापत्रक इकडे जसेच्या तसे लावले, तर रोपांच्या नशिबी होरपळणेच येते.

काय पाहावे, केव्हा पाहावे

पळसाचा बहर फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत टिकतो. सेलू तालुक्यातील बोर अभयारण्य १९७० मध्ये घोषित झाले आणि २०१४ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्या परिसराकडे जाताना हा बहर उत्तम दिसतो. पळसाची झाडाखाली पडलेली फुले गोळा करून वाळवावीत. ती रात्रभर पाण्यात भिजवून उकळली, की होळीसाठी सुरेख केशरी-पिवळा रंग मिळतो. त्यासाठी फांद्या ओरबाडण्याची काहीच गरज नाही.

काटेसावरीची लाल, मांसल फुलेही याच काळात येतात. एप्रिल-मेमध्ये तिची बोंडे फुटून रेशमी कापूस वाऱ्यावर उडू लागतो. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टपटप गळतात; ती पाहायची तर सूर्योदयापूर्वीच निघावे. चैत्रात कडुनिंबाचा बारीक पांढरा मोहोर येतो. त्याचा मंद सुवास संध्याकाळी अधिक जाणवतो. गुढीपाडव्याला हा मोहोर आणि कोवळी पाने यांचे महत्त्व सर्वांना ठाऊक आहेच. एप्रिलच्या मध्यानंतर बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागतात आणि मे महिन्यात गुलमोहर रस्ते लाल करतो. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याचे लाकूड ठिसूळ असल्याने वादळात फांद्या मोडतात. रस्त्यापलीकडचा गुलमोहर डोळे भरून पाहावा, घराला लागून मात्र लावू नये.

रोप का होरपळते?

रोपवाटिकेतील रोप जाळीच्या सावलीत, रोजच्या पाण्यावर वाढलेले असते. पिशवीतील मूठभर मातीत त्याच्या मुळांचा गुंता झालेला असतो. अंगणातील जमिनीत मुळे खोल उतरायला काही आठवडे लागतात. पावसाळ्यात लावलेल्या रोपाला ही सवड मिळते. मार्चमध्ये लावलेल्या रोपाची मुळे खोल जाण्यापूर्वीच वरची माती तापते, गरम वारे सुटतात आणि पानांतून जितके पाणी उडते तितके मुळे ओढू शकत नाहीत. बादलीभर पाणी रोज ओतले तरी ही तफावत पुरती भरून निघत नाही. धाम नदीच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या या शहरात मे महिन्यात असे पाणी ओतत राहणे योग्यही नाही.

त्यात आपली काळी माती. ही माती कसदार खरी, पण उन्हाळ्यात ती आकसते आणि तिला भेगा पडतात. त्या भेगांत कोवळी मुळे उघडी पडून तुटतात. पावसाळ्यात हीच माती फुगते आणि तिच्यात पाणी तुंबते. म्हणून काळ्या मातीत खड्डा भरताना तळाशी मुरूम आणि वर शेणखत मिसळलेली माती घालण्याची काळजी घ्यावी लागते.

मोहापायी रोप आणलेच असेल, तर ते जमिनीत लावण्याची घाई करू नये. थोड्या मोठ्या कुंडीत बदलून पूर्वेकडील सावलीत ठेवावे. सकाळचे कोवळे ऊन मिळाले, दुपारचे टळले, की रोप तग धरते. पहिला चांगला पाऊस झाल्यावर ते जमिनीत न्यावे.

वसंतात करावयाची कामे

लागवड पुढे ढकलली म्हणजे हात बांधून बसायचे असे नव्हे. बागेचे यश याच तीन महिन्यांत ठरते.

खड्डे : मोठ्या झाडांसाठी दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्यावा. त्यामुळे मातीतील किडींची अंडी आणि बुरशी कमी होते. जूनच्या प्रारंभी चांगले कुजलेले शेणखत, थोडी निंबोळी पेंड आणि माती यांच्या मिश्रणाने तो भरावा.

पालापाचोळा : फाल्गुनात अंगणात पानांचा खच पडतो. अनेक घरी तो पेटवून दिला जातो. हा पाचोळा म्हणजे बागेला मिळालेले फुकटचे पांघरूण आहे. झाडांच्या आळ्यांत त्याचा चार बोटे जाड थर दिल्यास माती तापत नाही आणि ओल टिकते. पावसाळ्यात त्याचेच खत होते.

बी : बहाव्याच्या मागील वर्षीच्या काळ्या, लांब शेंगा वसंतात झाडावर पिकलेल्या मिळतात. त्याच्या बियांचे कवच फार कठीण असते. कडक गरम पाणी ओतून त्या दिवसभर भिजत ठेवल्यास उगवण सुधारते. पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाशी एकच बी असते. ते मे-जूनमध्ये गोळा करावे. पळसाच्या खोल सोटमुळाला धक्का सोसत नाही, म्हणून बी नियोजित जागीच टोकावे. निंबोळी मात्र साठवू नये. तिची उगवणक्षमता काही आठवड्यांतच घटते. पिकून पडली, की लगेच पेरावी.

मोगरा : मोगऱ्याची छाटणी पौष-माघात करून, काही दिवस पाणी तोडून नंतर खत-पाणी दिले, तर फाल्गुनापासून पावसाळ्यापर्यंत फुले मिळत राहतात. वसंतात मोगऱ्याला भरपूर ऊन आणि नियमित पाणी हवे. बहर ओसरलेल्या फांद्यांचे शेंडे खुडल्यास नवी फूट येते.

कंद आणि छाटे : काही झाडे या नियमाला अपवाद आहेत. निशिगंधाचे कंद एप्रिल-मेमध्ये लावता येतात. पांढऱ्या चाफ्याची हातभर फांदी कापून, चीक वाळेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवावी आणि मग कोरडसर मातीत रोवावी. स्वतःच्या खोडात पाणी साठवणाऱ्या या झाडाला उन्हाळ्याचे भय नाही. उलट, अति पाण्यानेच ते कुजते.

लहान अंगणासाठी निवड

कोणते झाड लावायचे, हे वसंतातच ठरवावे. ज्या झाडाखाली आपली पावले थांबतात, त्याची वाढ, पसारा आणि उंची त्याच वेळी पाहून घेता येते. काटेसावर किंवा पिंपळ यांना मोकळे मैदानच हवे. त्यांना भिंतीलगत आणू नये. आवार बेताचे असेल तर बहावा, बकुळ, सोनचाफा यांचा विचार करावा. भिंतीपासून आठ-दहा फूट अंतर ठेवावे. सोनचाफ्याचे कलम घेतल्यास बियांपासून केलेल्या रोपापेक्षा लवकर फुले येतात. घराच्या पश्चिमेला करंज किंवा कडुनिंब वाढवला, तर उन्हाळ्यातील दुपारनंतरचे ऊन भिंतीवर येत नाही आणि घर निवते. कुंपणाच्या एका कोपऱ्यात जागा असेल, तर पळसाचे एक बी अवश्य टोकावे. तो सावकाश वाढतो, पण रुजल्यावर त्याचे फारसे काही करावे लागत नाही.

सदनिकेत राहणाऱ्यांनीही निराश होऊ नये. सदाफुली, झिनिया, गलार्डिया, चिनी गुलाब आणि बटनफूल यांचे बी फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरले, तर उन्हाळाभर कुंड्यांत रंग राहतो. बोगनवेल तर पाण्याचा थोडा ताण बसल्यावरच अधिक फुलते. कुंड्या मातीच्या घ्याव्यात, एकमेकींना चिकटून ठेवाव्यात आणि गच्चीच्या तापलेल्या फरशीवर न ठेवता विटांवर ठेवाव्यात. पाणी सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर द्यावे. जमिनीतील झाडांसाठी मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. मडक्यातून पाणी हळूहळू झिरपून थेट मुळांशी पोहोचते.

पुढच्या पिढीची सावली

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी प्रथम सेगावात आले, ते ऐन उन्हाळ्यात. पुढे १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. आश्रमाच्या आवारात गांधीजींनी लावलेला पिंपळ आणि कस्तुरबांनी लावलेली बकुळ यांची ओळख येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला करून दिली जाते. बकुळ संथ वाढते. ती लावणाऱ्याला तिची दाट सावली क्वचितच लाभते. तरीही कोणीतरी ती लावली, म्हणून आज तिच्याखाली फुले वेचता येतात.

याच सेवाग्रामच्या रस्त्यावरील जुनी झाडे २०२० मध्ये रुंदीकरणासाठी तोडली जाऊ लागली, तेव्हा वर्धेकरांनी विरोध केला. मोठे झाड काही तासांत आडवे होते आणि त्याच्या जागी तसे झाड उभे राहायला अर्धशतक लागते, याची जाणीव त्या निमित्ताने अनेकांना झाली. रस्त्यावरचे झाड वाचवणे प्रत्येक वेळी आपल्या हाती नसते. आपल्या कुंपणातील दोन फुटांचा खड्डा मात्र आपल्या हाती असतो.

कुठेही जा, पळसाला पाने तीनच, अशी म्हण आहे. झाडाबाबत ती खरी असली, तरी बागेबाबत खरी नाही. बाग प्रत्येक गावच्या पाण्याप्रमाणे आणि उन्हाप्रमाणे वेगळी असते. म्हणून या वसंतात रोपवाटिकेत जाण्याआधी एखाद्या सकाळी धुऱ्यावरचा पळस पाहून यावे, अंगणातील जागा हेरावी आणि खड्डा खणून ठेवावा. बी वाटीत तयार असेल, तर मृगाची पहिली सर वाया जाणार नाही.