ताव, पाणी आणि मुरणे

लोहाराच्या भट्टीतून मराठीत ताव आणि पाणी हे दोन शब्द आले व माणसालाही लागू झाले. तापलेले पाते पाण्यात बुडवले की कठीण होते. म्हणून शस्त्राला 'पाणी देणे', म्हणून माणूस 'पाणीदार'. 'मुरणे' हा तिसरा शब्द मात्र लोणच्याच्या बरणीतला. आमच्या मते, मिश्रधातूंच्या कठीणपणाचा विसाव्या शतकातील इतिहास हा बराचसा या तिसऱ्या शब्दाचा इतिहास आहे.

१९०६ साली बर्लिनजवळ आल्फ्रेड विल्म हे तांबे व मॅग्नेशियम मिसळलेल्या अॅल्युमिनियमला पोलादासारखे पाणी देऊ पाहत होते. तापवून विझवलेला तुकडा मऊच निघाला. पण काही दिवस नुसता ठेवल्यावर तो आपोआप कठीण झाला. पुढे हा मिश्रधातू ड्युरालुमिन म्हणून प्रसिद्ध झाला. त्यामागचे कारण गिनिए आणि प्रेस्टन यांनी १९३८ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने स्वतंत्रपणे दाखवले : विझवताना अडकून पडलेले तांब्याचे अणू सावकाश एकत्र येतात आणि त्यांचे सूक्ष्म पुंजके स्फटिकातील थरांचे घसरणे रोखतात.

भोसरी-चाकण पट्ट्यातील हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये हाच इतिहास रोजच्या पाळीत उतरला आहे. वाहनांच्या अॅल्युमिनियमच्या चाकांसारखा जॉब सुमारे ५४० अंश सेल्सियसला तापवून पाण्यात विझवतात आणि मग दीडशेच्या वर काही तास मुरू देतात. कामगार याला 'एजिंग' म्हणतात. वेळ कमी पडली तर जॉब मऊ राहतो. अधिक झाली तर पुंजके मोठे व विरळ होऊन तो पुन्हा मऊ पडतो. मुरण्यालाही उतार आहे.

अणुउद्योगातील धातूंच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. सहा टक्के निओबियम मिसळलेले युरेनियम सुमारे ८०० अंशांवरून विझवले की मऊ व लवचीक असते. दोनशेच्या आसपास ठेवले की कठीण होते, पण त्याची ताणली जाण्याची क्षमता घटते. तारापूरच्या चौथ्या व तिसऱ्या अणुभट्ट्या अनुक्रमे २००५ व २००६ साली व्यापारी वीजनिर्मितीस लागल्या. त्यांच्या दाबनळ्या अडीच टक्के निओबियम असलेल्या झिर्कोनियमच्या आहेत. सुमारे ३०० अंशांचे जड पाणी आणि न्यूट्रॉनांचा मारा सोसताना असा धातू वर्षानुवर्षे कठीण होत जातो. त्याच वेळी त्याचा चिवटपणा ओसरतो आणि शोषलेल्या हायड्रोजनमुळे तडकण्याची भीती वाढते. म्हणूनच अशा नळ्या तपासाव्या लागतात, आणि काळ भरला की बदलाव्याही लागतात.

कठीण आणि चिवट हे दोन गुण मराठीने वेगळे ठेवले आहेत. आपली चरित्रे आणि कादंबऱ्या मात्र सोसलेल्या माणसाला सरसकट 'कणखर' म्हणून मोकळ्या होतात. धातूचा अनुभव वेगळा आहे. ज्या तापाने आणि काळाने कठीणपणा येतो, त्यांनीच तो पुढे उतरतो, किंवा टिकतो आणि आतून ठिसूळ होतो. किती तापले आणि किती काळ, हे विचारल्याशिवाय 'मुरलेला' हे विशेषण बहाल करू नये, असे आम्हाला वाटते.