१८१८ नंतरचा पूर्णविराम

वाशिममध्ये मी कित्येक वर्षे इतिहास शिकवला. '१८१८ साली पेशवाई बुडाली' असे फळ्यावर लिहायचो आणि पूर्णविराम द्यायचो. त्यानंतरही आपल्या पैनगंगेकाठी लढाई झाली, हे मुलांना कधी सांगितले नाही.

या नदीकाठच्या डोंगरपट्ट्यात हटकर नाईकांचा दरारा होता. वऱ्हाड तेव्हा निजामाकडे. नाईकांचे पुढारी होते नौसाजी नाईक. १८१९ मध्ये मेजर पिटमनच्या हाताखालची निजामाची कवायती फौज त्यांच्यावर चालून आली. उमरखेडजवळ नौसाजींची माणसे मागे रेटली गेली. मग नदीपलीकडच्या नाव्ह्याच्या किल्ल्याला वेढा पडला आणि हल्ला चढवून तो घेतला गेला. नौसाजींना हैदराबादला नेले. तिथेच ते वारले.

त्याच सुमारास अमेरिकेच्या सरहद्दीवर लढणारा अँड्र्यू जॅक्सन पुढे १८२९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. जिंकणाऱ्याची चरित्रे होतात. हरणाऱ्याच्या वाट्याला इंग्रजांच्या गॅझेटियरातल्या जेमतेम काही ओळी, त्याही बंडखोर म्हणून.

उमरखेडला लग्नकार्यासाठी किती वेळा गेलो असेन! एकदाही हे नाव ओठावर आले नाही. आता नातवाला सांगतो. तेवढीच चूक दुरुस्त.