मोझेस वॉकर : न लिहिलेल्या नियमाने बंद केलेलं दार

आजचा भाग बेसबॉलवर आहे, पण बेसबॉल कळत नसेल तरी काही बिघडत नाही. क्रिकेटमधला यष्टिरक्षक माहीत असला की पुरे.

बेसबॉलमध्ये कृष्णवर्णीयांसाठी दार कोणी उघडलं, असं विचारलं की एकच नाव पुढे येतं : जॅकी रॉबिन्सन, साल १९४७. ते खरंच आहे. पण उघडायचं दार आधी बंद झालेलं असावं लागतं. ते कधी बंद झालं, आणि त्याआधी आत कोण होतं? आजची गोष्ट त्या माणसाची आहे.

त्याचं नाव मोझेस फ्लीटवुड वॉकर. जन्म १८५६, ओहायो राज्यातल्या माउंट प्लेझंट गावी. ओहायोत गुलामगिरी नव्हती आणि हे गाव तर गुलामगिरीविरोधी चळवळीचं ठाणंच होतं. वडील डॉक्टर. पुढे मोझेस ओबर्लिन कॉलेजात शिकायला गेला. या कॉलेजने १८३५ पासूनच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश द्यायला सुरुवात केली होती. १८८१ मध्ये ओबर्लिनचा पहिला आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल संघ उभा राहिला, आणि त्यात कॅचर होता वॉकर. त्याचा धाकटा भाऊ वेल्डी हाही त्याच संघात होता. त्यानंतर मोझेस मिशिगन विद्यापीठात कायदा शिकायला गेला आणि तिथेही संघाचा कॅचर झाला.

आता कॅचर म्हणजे काय ते पाहू. पिचर चेंडू फेकतो, बॅटरच्या मागे बसून कॅचर तो झेलतो. पण त्याचं काम तेवढ्यावर संपत नाही. पुढचा चेंडू कोणता टाकायचा, हे तो बोटांच्या खुणांनी पिचरला सांगतो. म्हणजे तो मैदानावरचा अर्धा कर्णधारच. आणि त्या काळी आजच्यासारखे जाड गादीचे हातमोजे नव्हते. कधी पातळ कातड्याचे मोजे, कधी उघडे हात. बोटं मोडणं हे कॅचरचं रोजचं दुखणं होतं.

१८८३ मध्ये वॉकर टोलेडो शहराच्या व्यावसायिक संघात दाखल झाला. हंगाम सुरू होण्याआधीच नॉर्थवेस्टर्न लीगच्या बैठकीत कृष्णवर्णीय खेळाडूंवर बंदी घालण्याचा ठराव आला. बरीच चर्चा झाली आणि ठराव मागे घेतला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिकागोचा नामांकित संघ प्रदर्शनीय सामन्यासाठी टोलेडोला आला. त्यांचा कर्णधार होता कॅप अ‍ॅन्सन, त्या काळातला मोठा तारा. वॉकर मैदानात असेल तर आपण खेळणार नाही, असं त्याने बजावलं. खरं तर वॉकरचा हात दुखावला होता आणि तो त्या दिवशी विश्रांती घेणार होता. पण ही अट ऐकल्यावर टोलेडोचा व्यवस्थापक चार्ली मॉर्टन याने त्याला मुद्दाम राइट फील्डमध्ये उभं केलं. खेळला नाहीत तर तिकिटांच्या पैशांतला वाटा विसरा, एवढं कळल्यावर अ‍ॅन्सन मुकाट खेळला.

मंडळी, हा प्रसंग लक्षात ठेवा. एका माणसाने नकार दिला की अन्याय अडतो, हे इथे दिसलं. फक्त असे नकार पुढे कमी होत गेले.

१८८४ मध्ये टोलेडोचा संघ अमेरिकन असोसिएशनमध्ये, म्हणजे मेजर लीगमध्ये गेला. १ मे १८८४ रोजी लुइव्हिल इथे वॉकर पहिला सामना खेळला. त्याआधी १८७९ मध्ये विल्यम एडवर्ड व्हाइट नावाचा विद्यार्थी एक सामना खेळला होता. त्याची आई गुलामगिरीत होती, पण तो गोरा म्हणूनच वावरला. आपली ओळख न लपवता मेजर लीगमध्ये खेळलेला पहिला कृष्णवर्णीय, म्हणून वॉकरचंच नाव घेतलं जातं.

तो ४२ सामने खेळला, सरासरी .२६३. मात्र त्याची खरी परीक्षा आकड्यांत दिसत नाही. त्याच्याच संघाचा पिचर टोनी मुलेन याने १९१९ मध्ये कबुली दिली, की वॉकर हा आपल्याला लाभलेला सर्वोत्तम कॅचर होता. पण काळ्या माणसाच्या खुणा मानायच्या नाहीत, म्हणून आपण मनाला येईल तो चेंडू टाकत असू. कल्पना करा : हात जवळपास उघडे, समोरून वेगाने चेंडू येतोय, आणि तो कुठला असेल हे सांगायला स्वतःचाच सहकारी तयार नाही. रिचमंड शहरातून तर पत्र आलं, की वॉकरला खेळवलंत तर ७५ माणसं त्याच्यावर चालून येतील. दुखापतींनी तो आधीच बेजार होता. सप्टेंबरमध्ये संघाने त्याला मोकळं केलं.

१८८७ मध्ये तो नेवार्कच्या संघात होता, जोडीला जॉर्ज स्टोव्ही हा कृष्णवर्णीय पिचर. १४ जुलैला अ‍ॅन्सनचा संघ पुन्हा समोर आला. या वेळी दोघेही मैदानात उतरले नाहीत. त्याच दिवशी इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी मतदान करून ठरवलं : यापुढे कृष्णवर्णीयांशी नवे करार नाहीत. मेजर लीगच्या नियमावलीत तर असा नियम कधी लिहिलाच गेला नाही. सगळ्यांनी तो फक्त पाळला. लिहिलेला कायदा कोर्टात खेचता येतो. न लिहिलेल्याला कुठे खेचणार?

इथे आपल्याकडचा एक धागा आठवतो. १८७३ मध्ये महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, कारण त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केलं होतं. ती कृतज्ञता सार्थच होती. पण त्याच देशात अवघ्या १४ वर्षांत एका खेळाने दाखवून दिलं, की बेडी तुटली तरी पंगतीला बसू देतीलच असं नाही. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

वेल्डी वॉकरने १८८८ मध्ये वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहून विचारलं, की खेळाडू नाकारायचाच तर वर्तनावरून नाकारा, रंगावरून का? मोझेस १८८९ पर्यंत सिराक्यूजकडून खेळला. १९०८ मध्ये त्याने पुस्तक लिहिलं आणि त्यात मांडलं, की कृष्णवर्णीयांनी आफ्रिकेला परत जावं. ओबर्लिन आणि मिशिगनमध्ये गोऱ्यांच्या शेजारी बसून शिकलेला माणूस या निष्कर्षाला पोचला, ही या गोष्टीतली सगळ्यात मोठी हार आहे. १९२४ मध्ये तो वारला. त्याच्या कबरीवर कित्येक दशकं नावाचा दगडही नव्हता.

रॉबिन्सन आला तो वॉकरनंतर ६३ वर्षांनी. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, त्याच ब्रुकलिन संघात रॉय कॅम्पानेला आला. तोही कॅचर. पुढे तीन वेळा तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि त्याच्या बोटांच्या खुणा पाहून गोरे पिचर चेंडू टाकत होते.

आजच्या भागात एवढंच. आपल्या आसपासही असे न लिहिलेले नियम असतील. ते कोण पाळतंय, आणि मॉर्टनसारखं कोण मोडतंय, यावर नजर ठेवा. भेटू पुढच्या भागात.