वैद्यकीय प्रतिमा-सॉफ्टवेअरचे भाषांतर

एक्स-रे, सीटी, एमआरआय व सोनोग्राफी यांच्या प्रतिमा दाखवणाऱ्या, मोजणाऱ्या आणि साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील मजकूर अन्य भाषांत आणण्याचे काम. पडद्यावरची बटणे, धोक्याचे इशारे, मदतपुस्तिका आणि रुग्णाला ऐकवायच्या सूचना त्यात येतात.

‘थ्रीडी स्लायसर’ या मुक्त सॉफ्टवेअरचे भाषांतर ‘वेब्लेट’ या ऑनलाइन भाषांतर-मंचावर स्वयंसेवक करतात, राहून गेलेले वाक्य इंग्रजीतच दिसते. अनुवादकाच्या हाती सुटी वाक्ये येतात, ती कोणत्या पडद्यावरची हे अनेकदा कळत नाही. त्यामुळे क्ष-किरणतज्ज्ञाने चालू प्रणालीत तपासल्याविना असे भाषांतर वापरात आणू नये. डाव्या-उजव्याची गल्लत शस्त्रक्रियेपर्यंत पोचू शकते.

डायकॉम (१९९३) या प्रतिमा-मानकात दिशा ठरावीक रोमन अक्षरांनी नोंदतात. ती बदलत नाहीत. रुग्णाचे नाव कोणत्या अक्षरसंचात आहे, हेही फाइलमध्ये नोंदवावे लागते. जपानी, थाई, अरबी यांना तेथे स्वतंत्र संच मिळाले. देवनागरी आणि कन्नड यांची भिस्त मुख्यतः युनिकोडवर. जुन्या यंत्राला तो वाचता आला नाही तर नाव बिघडते, म्हणून ते रोमनमध्ये लिहिले जाते. स्पेलिंग बदलले की त्याच माणसाचा जुना स्कॅन नावावरून सापडणे अवघड होते. भाषांतराच्या चर्चेत हा भाग सहसा राहून जातो, आणि खरी अडचण इथेच आहे.

संज्ञांची एकवाक्यता हा दुसरा प्रश्न. १९६१पासून वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग संज्ञा ठरवण्याचे काम करतो. या कामाला जोडता येईल असे, मैसुरूच्या मानसगंगोत्री परिसरातील भारतीय भाषा संस्थान १७ जुलै १९६९ रोजी स्थापन झाले. त्याच्याकडेच २००८मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय अनुवाद अभियान आहे. ज्ञानग्रंथ संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत नेणे हे त्याचे उद्दिष्ट. संस्थानाचे पश्चिम विभागीय भाषा केंद्र पुण्यात असून तेथे मराठी शिकवली जाते. प्रतिमा-सॉफ्टवेअरचा सामाईक शब्दसंग्रह करायचा तर मैसुरूइतकी सोयीची जागा देशात क्वचितच मिळेल.

सुरुवात मात्र रुग्णाच्या कानापासून व्हावी. सीटी करताना ‘श्वास घ्या, रोखून धरा’ ही आज्ञा बहुधा यंत्रच देते, आणि अनेक यंत्रांत ती स्थानिक आवाजात ध्वनिमुद्रित करता येते. आज्ञा संपणे आणि स्कॅन सुरू होणे यांचा मेळ बसला पाहिजे. वाक्य लांबले तर वेळ पुन्हा जुळवावी लागते. रुग्णाला आज्ञा कळली नाही तर छाती हलते, प्रतिमा धूसर येते आणि कधी स्कॅन पुन्हा काढावा लागून क्ष-किरणांची मात्रा वाढते. कन्नड, मराठी, तुळू, उर्दू बोलणाऱ्यांसाठी हे ध्वनिमुद्रण रुग्णालयातला तंत्रज्ञ स्वतःही करू शकतो.